अर्धी कमान

पालघरच्या दातांच्या दवाखान्यात रोममधल्या पडक्या कमानीचं, तांब्यावर कोरून छापलेलं जुनं चित्र टांगलंय. कमान चौकटीबाहेर गेलेली, पायथ्याशी मुंगीएवढी माणसं. ते बघून बोईसरच्या शाळेतला चित्रकलेचा तास आठवला, खोडरबराच्या वासासकट.

सरांनी मोठी कमान काढायला सांगितली होती. मी पट्टीनं अख्खी काढली, दगड न् दगड आखून. घिवलीच्या सुनंदानं अर्धीच काढली आणि खाली डोक्यावर माशांची पाटी घेतलेली इवलीशी बाई.

"बाकीची कुठाय?" सरांनी विचारलं.

"मोठी हाय ना, सर. आमच्या दारातून होडी पण अख्खी दिसत नाय."

सरांनी तिचं चित्र भिंतीवर लावलं. माझ्या हातातली कमान उंदराच्या बिळाएवढी झाली.

आज दात दुखायचा थांबला आणि पोटात दुखायला लागलं. चित्र शेकडो वर्षांपूर्वीचं, तरी उठून खालची सही वाचली. तिची नव्हती. बरं वाटलं.