कुलूपकाका आणि चारचा मेसेज

कुलूपकाका पासवर्ड टाकायला बसले की आम्हा सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं राहावं लागे. मालकसुद्धा मुकाट्यानं वळत. पाठीमागं कीबोर्ड वाजत राही, काकांचा श्वासही ऐकू येत नसे. मला त्या शांततेची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

गारखेड्यात आमचं पाण्याच्या टँकरचं ऑफिस होतं. तिथले कॉम्प्युटर काका सांभाळत, पासवर्ड कडीकुलपात ठेवल्यासारखे जपत, म्हणून ते कुलूपकाका; मी त्यांच्या हाताखाली. दुष्काळाची वर्षं, त्यात शहर चारी अंगांनी वाढत चाललेलं. कुठल्या गल्लीला पाणी कधी, याची यादी एकाच कॉम्प्युटरवर. ती गेली असती तर लोकांनी आम्हाला फाडून खाल्लं असतं. म्हणून रोज दुपारी चारला दुसरं मशीन तिची प्रत आपोआप काढून घेई, आणि प्रत नीट निघाली तरच माझ्या मोबाईलवर मेसेज येई: ‘झालं. – काका.’

ही सोय आधी मी केली होती, पासवर्ड सरळ कमांडमध्येच लिहून. काकांनी प्रत काढणाऱ्या मशीनवर भलत्याच लॉगिननं शिरून, मशीन त्या क्षणी काय काय करतंय ते पडद्यावर काढलं. माझी अख्खी कमांड तिथं दिसत होती, पासवर्ड उघडा पडलेला.

“बघ पोरी. तुला वाटतंय, तू एकटीच हाईस. नाय. कुणीतरी कायम बघत असतंय.”

मग त्यांनी पासवर्ड वेगळ्या फाइलीत ठेवला, फक्त प्रत काढणाऱ्या बॅकअपच्या खात्याला वाचता येईल अशी. “आता माणूस लागत नाय. मी असो का नसो.”

होळीनंतर काका झोपेतच गेले. माणूस गेला की पासवर्ड बदलायचा, या नियमाप्रमाणे मी तो बदलला आणि, काय म्हणावं माझ्या अकलेला, फाइलीत नवा घालायला विसरले. चारचा मेसेज येतच राहिला, त्यामुळं लक्षातही आलं नाही.

मे महिन्यात यादीच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. तेव्हा फाइलीत नवा पासवर्ड घालायचा राहिल्याचं आठवलं. जुन्या पासवर्डवर एकही प्रत निघणं शक्य नव्हतं. पण आदल्या दिवसापर्यंतच्या सगळ्या प्रती जागेवर होत्या. फाइल उघडली, तर आत माझा नवा पासवर्ड. तो मी कुणालाही सांगितला नव्हता.

“तूच घातला असशील,” मालक म्हणाले.

यादी परत चढली, टँकर सुटले. मला मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पासवर्ड बदलला, फाइलीला हात लावला नाही, आणि वाट बघत बसले. चार वाजले. साडेचार झाले. मोबाईल वाजला नाही. फाइलीत आधीचाच पासवर्ड होता.

शेवटी नवा मीच घातला. मेसेज पुन्हा येऊ लागला, त्याच शब्दांत, त्याच नावानं. पण आता तो नुसतं मशीन पाठवतं. काका खरे त्या दुपारी गेले, आणि त्यांची परीक्षा बघून त्यांना मीच घालवलं.