कपाटातला दुसरा कीबोर्ड

मैत्रिणींनो, आठवतं? धुळ्याच्या शाळेत टायपिंगच्या तासाला सिस्टर पाठमोऱ्या झाल्या की आपण चौघी एका हाताने टाइप करायचो आणि दुसऱ्या हाताने शेव खायचो.

तुम्ही मागितलेले शाळेचे फोटो ह्यांच्या संगणकात होते. हे गेल्यानंतर आज पहिल्यांदाच मी तो सुरू केला. लिनक्सने पासवर्ड विचारला. तो मला पाठ होता, पण मी हात लावायच्या आधीच चौकटीत ठिपके उमटू लागले. पुसले, तरी पुन्हा आले.

घाबरून ह्यांचे मित्र नाना यांना फोन केला.

"कीबोर्डची वायर काढा, वहिनी."

"काढली हो. तरी येताहेत."

"मग भूत नही शे, दुसरा कीबोर्ड शे! आजारपणात भाऊ मांडीवर घ्यायचे, तो बिनवायरचा कुठे ठेवला?"

कपाटात, ह्यांच्या स्वेटरांखाली. गेल्या आठवड्यात आवरताना मीच ठेवला होता. स्वेटरांच्या वजनाने एखादं बटण दाबलं गेलं असणार.

मी लगेच उठले नाही. ठिपके येत होते, मी बघत बसले. घरात माझ्याशिवाय कुणीतरी टाइप करतंय, असं किती दिवसांनी वाटलं.

मग कपाट उघडलं आणि कीबोर्ड बंद केला.

फोटो मिळाले. सहलीचा शैलाला, सिस्टरांबरोबरचा मीनाला, वर्गातला कुमुदला पाठवते. स्वेटर नानांना देईन, त्यांना जळगावची थंडीही सोसत नाही.

कीबोर्ड मात्र कुणी मागू नका.