समुद्र डाव्या हाताला
मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी असेन, तर आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंचा. त्या आम्हाला नकाशा घेऊन पटांगणात उभं करायच्या. "नदीकडे तोंड करा. आता नकाशातली नदी समोर येईपर्यंत कागद फिरवा. मान नाही रे, कागद!"

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तिकडे तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या एका छोट्या कंपनीत वैमानिकांसाठी टॅबलेटवरचे नकाशे तयार होतात, ते तपासायची नोकरी मला लागली. वर्षभराने साहेब म्हणाले, "उद्या विमानात बसून तपास. वैमानिकाला पटलं, तर यापुढच्या चाचण्या तुझ्या." त्या रात्री झोप कसली येतेय!

दोन आसनांचं इवलंसं विमान. वैमानिक म्हणाले, "तंबी, मला रस्ता माहीत नाही असं समज. वळणं तू सांगायचीस." तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ.

किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघालो. खाली लाटांची पांढरी रेघ, आणि मांडीवरच्या टॅबलेटच्या पडद्यावर तिच्यावरून सरकणारं आमचंच विमान! मी हरखून गेलो. पुढे तळ्याकडे वळायचं होतं. नकाशात तळं किनाऱ्याच्या डावीकडे.

"सर, डावीकडे!"

"तंबी, डावीकडे बंगालचा उपसागर आहे. मला पोहता येत नाही."

माझे कान तापले. नकाशात उत्तर वर होती आणि आम्ही चाललो होतो खाली, दक्षिणेला. बाई आठवल्या. मी टॅबलेट उलटा धरला. पडदा गर्रकन फिरून पुन्हा सुलटा! परत उलटा धरला, परत सुलटा. वैमानिक खो खो हसू लागले.

आणि एकदम लख्ख आठवलं. नकाशात विमानाचं तोंड कायम वरच्या बाजूला ठेवणारं बटण! ऑफिसात ते मी कितीदा तरी दाबून 'चालतं' असा शेरा मारला होता. ते कशासाठी आहे, ते इथे कळलं. दाबलं. अख्खा नकाशा वळला, समुद्र डावीकडे गेला.

"सर, उजवीकडे! आत्ता!"

विमान कललं आणि समोर तळं चमकलं.

उतरल्यावर वैमानिकांनी साहेबांना फोन लावला. "याच तंबीला पाठवत जा. चुकतो, पण लगेच सावरतो."

त्याच संध्याकाळी पत्र टाकलं:

"आदरणीय बाई, सादर नमस्कार.
आज मी विमानात बसलो, तेही पुढे! तुमचा नकाशा आज आकाशात फिरवला. यापुढच्या चाचण्यांनाही मीच जाणार आहे. आई म्हणते, खिडकी लावून बसत जा. तिला तेवढं तुम्हीच समजावा.
आपला विद्यार्थी"