लाल दोऱ्याचा टॉवेल

दुकानात हाताला फार मऊ लागणारा टॉवेल संस्थेच्या कामाचा नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. तो मऊपणा बहुतेक वेळा वरून लावलेला असतो. पहिल्या धुण्यात तो निघून जातो आणि मागे उरतं ते विरळ, पाणी न पिणारं फडकं. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. मी आधी कडेची शिवण बघते, मग टॉवेल उजेडासमोर धरते. पलीकडचा दुकानदार त्यातून दिसला की खाली ठेवते. बोईसरचे ठोक दुकानदार मला लांबूनच ओळखतात आणि नमस्कार करायच्या आधी बहुधा मनात एखादी शिवी हासडतात.

उमरोळीच्या आतल्या बाजूला एक वृद्धाश्रम आहे, तिथलं कोठार माझ्याकडे आहे. समुद्र जवळ, हवा कायम ओलसर. जाड टॉवेल पावसाळ्यात वाळतच नाही, त्याला कुबट वास धरतो. एका विश्वस्तांनी सुचवलं, "मग पंचेच घ्या ना, स्वस्त पडतील." मी म्हटलं, "तुमच्या आईला थंडीत अंघोळीनंतर पंचा देता का?" तो विषय तिथेच मिटला. तेव्हापासून मध्यम वजनाचे, पूर्ण सुती, पांढरे टॉवेल येतात. नवे असताना ते नुसत्या पाण्यातून काढायचे. मऊ करणारं सुगंधी औषध कधीच घालायचं नाही, त्याने टॉवेल पाणी प्यायचं विसरतो. एखादा धागा सुटून वर आला तर ओढायचा नाही, कात्रीने कापायचा.

एवढं सगळं केलं तरी एक घोळ राहायचाच. सगळे टॉवेल सारखे, त्यामुळे कुणाचा कुठला ते कळेना. कुणाला खरूज, कुणाला नायटा, एकाचा टॉवेल दुसऱ्याला जाऊन चालत नाही. मी कोपऱ्यावर पेनाने नावं लिहायचे, ती धुण्यात पुसट व्हायची, आणि निम्म्या लोकांना वाचता यायचं नाही.

हा घोळ सोडवला आश्रमातल्याच एका आजीने. आजी किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातली. नवरा गेल्यावर तिला विसरायला होऊ लागलं. मुलगा तारापूरला कारखान्यात पाळीवर, सूनही कामाला, आणि आजी गॅस चालू ठेवून बाहेर निघून जायची. शेवटी मुलगा तिला आमच्याकडे ठेवून गेला. मला नावं लिहिताना बघून ती म्हणाली, "नाव कशाला लिवतं, बाय? आमी टोपलीला चिंधी बांधतो. ज्या घराची त्या रंगाची. सगल्या गावाचं म्हावरं एका खळ्यात वाळतं, पन कोनाचं कोनाला जात नाय."

मग आम्ही प्रत्येकाला दोऱ्याचा रंग निवडायला सांगितला. दोन निवृत्त मास्तर निळ्यावरून आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. आजीने मात्र क्षणभरही विचार न करता लाल रीळ उचललं. "ही आमची चिंधी," म्हणाली. सगळ्यांच्या टॉवेलच्या कोपऱ्यांत तिनेच टाके घातले, जाळं विणणाऱ्या हाताचे, घट्ट.

टॉवेल वाळत घातले की ती दोरीखाली काठी घेऊन बसायची आणि कावळे हाकलायची. तिच्या लेखी ते बोंबील होते. आम्ही हसायचो, तीही हसायची. पण उन्हं कलली की ती आपला लाल दोऱ्याचा टॉवेल ओढून घ्यायची, लुगड्याबरोबर त्याचं बोचकं बांधायची आणि फाटकाशी जाऊन बसायची. "बाय, मना घरी न्या." रोज हेच. जेवण गोड लागेना तिला, आणि तिच्याकडे बघून मला.

मला मुलाचा संताप यायचा. मी फोन करायचे आणि तोंडाला येईल ते बोलायचे. एकदा म्हटलं, "आई आहे ती, घडी घालून कपाटात ठेवायला टॉवेल नाही." तो ऐकून घ्यायचा. शेवटी शिमग्याला येऊन घेऊन गेला. आजीने बोचकं छातीशी धरलं होतं. आम्ही सगळे फाटकापर्यंत गेलो.

दुसऱ्याच दिवशी तो तिला परत घेऊन आला. मी दारातच त्याला धरलं. "एवढ्यात जड झाली?"

"ताई, ती जेवली नाय. ओट्यावर बसून रडत होती. 'मना घरी ने' म्हनत होती. मी बोललो, आये, घरीच हाय तू. तर माझ्याकडं परक्यासारखी बघाया लागली."

मला ते पटलं नाही. सबब सांगतोय असंच वाटलं. आजी पुन्हा दोरीखाली बसू लागली, संध्याकाळी फाटकाशी. पावसाळ्यात तिला ताप आला आणि ती गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा दोरा उसवायचा, टॉवेल सोडा घालून उकळायचा आणि धड असेल तर नव्या माणसाला द्यायचा. काटकसर करणाऱ्या संस्थेला दुसरा मार्ग नसतो. आजीचा टॉवेल चांगला धड होता. मी कात्री घेऊन बसले, आणि मला रडू आलं. तो एकच टॉवेल मी तसाच ठेवला.

सामान न्यायला मुलगा आला तेव्हा मी तो त्याच्या हातात दिला. "तुमच्या घरच्या चिंधीचा रंग आहे. राहू दे तुमच्याकडे."

त्याने कोपरा बोटांत धरून बघितला. "आमची चिंधी हिरवी, ताई. आजोबाच्या वेलेपासून हिरवीच."

"मग ही लाल?"

"तिच्या बापाची आसंल." टाक्यांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "तिचं माहेर कवाच गेलं, ताई. दर्या आत आला. घर नाय, खळा नाय, मानसं पन नाय. आमाला कदी बोलली नाय ती त्याचं."

ज्या घरी न्या म्हणून ती रोज फाटकाशी बसायची, ते घर कधीच पाण्यात गेलं होतं. आणि दर वेळी मी फोन मात्र मुलाला लावत होते.

तो नळावर गेला, तोंड धुतलं, आणि तोच टॉवेल तोंडावर धरून बराच वेळ तसाच उभा राहिला.