वागियेमचा वाजता साकव

सेमारांग शहराच्या उत्तरेला, अगदी समुद्राला टेकून आमची तंबाकसारी वस्ती आहे. इथे घरात शिरताना वाकावं लागतं. भरतीचं पाणी आत येतं म्हणून आम्ही भराव घालून जमीन उंच करत गेलो, छपरं मात्र होती तिथेच राहिली. यु वागियेम तेवढी न वाकता शिरते, इतकी ती बुटकी. वर मागच्याला म्हणते, "वाका, वाका! माझ्या दारात भलेभले वाकतात."

यु म्हणजे थोरली बहीण. नात्याने ती माझी कोणी नाही, पण तिची मासळीची भट्टी माझ्या भिंतीला लागून आहे. नारळाच्या करवंट्यांचा धूर देऊन ती मासे भाजते. धुराने डोळे कायम लाल, तोंड फटकळ. आतल्या सागाच्या रानातल्या गावातून ती लग्न होऊन इथे आली तेव्हा तिने समुद्र पाहिलासुद्धा नव्हता. नवरा कस्दी मासेमारी करायचा. होडीत बसून शीळ घालायचा, तीही इतकी बेसूर की पलीकडच्या होडीतले लोक कानात बोटं घालत. छातीच्या दुखण्याने तो गेला आणि वस्तीच्या टोकाला कबरस्तानात त्याला पुरलं.

पुढे समुद्राने ती वाटच गिळली. कबरस्तान जरा उंचावर, पण मधल्या खाजणात ओहोटीलाही मांडीएवढा चिखल. रोज्यांच्या महिन्याआधी आम्ही आपापल्या माणसांच्या कबरी झाडून फुलं वाहतो. होडीवाला कोणी मोकळा असला तर जायचं, नाहीतर काठावरूनच पाण्यात फुलं सोडायची. मी तेच करायची. यु मात्र धुमसत राहायची.

"पोचतात गं फुलं," मी एकदा म्हटलं.

"मी काय त्याला टपालाने फुलं पाठवू?" ती खेकसली. "हाताने झाडलेली कबर ती कबर."

त्याच सुमारास शहरातल्या एका कलासंस्थेने आमच्या वस्तीत एक घर घेतलं. तिथे बाहेरगावचे कलावंत काही महिने राहायचे आणि वस्तीतल्या लोकांना हाताशी घेऊन काहीतरी करायचे. आधीच्याने भिंतींवर मासे रंगवले होते. मग बांडुंगकडची रेंगानिस आली. तिशीची, बांबूची वाद्यं करणाऱ्या घरातली. तिला लोकांनी हात लावावा, पाय लावावा आणि वाजावं असं काहीतरी करायचं होतं. तिने सगळ्यांना अंगणात बोलावून विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

कोणी कमान म्हणालं, कोणी झोपाळा. यु उठून उभी राहिली. "भिंतीवरचे मासे पुरे झाले, पोरी. मला माझ्या नवऱ्यापर्यंत चालत जायचंय. साकव बांधून दे."

लोक हसले. रेंगानिस हसली नाही. "आणि त्या साकवावर पाय पडला की वाजलं तर?" तिने विचारलं.

"वाजू दे की. त्यालाही कळेल कोण येतंय ते."

असं ठरलं. बांबूच्या मेढी रोवायच्या, वर फळ्या टाकायच्या. प्रत्येक फळीखाली सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे पाय पडला की फळी जराशी दबेल आणि खाली टांगलेल्या बांबूच्या नळ्या एकमेकींवर आपटतील. ज्या घरचं माणूस तिकडे पुरलेलं असेल त्या घराने त्याच्यासाठी नळ्या कापायच्या, आवाजही त्यांनीच निवडायचा. आमची माणसं रोज संध्याकाळी नळी कानाशी धरून भांडू लागली. "आजोबांचा आवाज इतका बारीक होता का रे?" "तू जन्मला तरी होतास का तेव्हा?" माझ्या आईसाठी नळी कापताना मला कितीतरी वर्षांनी तिची हाक आठवली.

युने कस्दीसाठी निवडलेल्या नळ्यांचा एकीशी दुसरीचा मेळ नव्हता. रेंगानिसने सुरी घेतली. ती युला बु, म्हणजे आई, म्हणायची. "बु, हिचं टोक जरासं तासते, सुरात येईल."

"खबरदार! जन्मभर तो कधी सुरात आला नाही, आता कशाला?"

रेंगानिसने सुरी ठेवली आणि पोट धरून हसत सुटली.

अडचणी दोन आल्या. पहिली संस्थेच्या ब्रामांत्योची. तो भला माणूस, पण त्याला साकव बाजाराजवळ रस्त्याकडेला हवा होता. "पाहुणे शहरातून येणार, बु. ते चिखलात कसे उतरतील?"

"पाहुण्यांना आमच्यात पुरून घ्यायचंय का?" यु म्हणाली. "नाही ना? मग साकव तिकडेच."

दुसरी अडचण जड होती. मशिदीत बांग देणारे मोदिन, म्हातारे मुदोफार, त्यांना सगळे पाक, म्हणजे बाबा, म्हणतात. आमच्या सगळ्यांच्या घरची मयत त्यांनीच धुतलेली. ते म्हणाले, "कबरस्तान म्हणजे जत्रा नव्हे. साकव बांधा. वाजवणं नको."

त्यांच्यापुढे बोलायची आमची छाती नव्हती. यु त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. "पाक, तुम्ही होडीने जाता तेव्हा इंजिन किती धडधडतं! तेव्हा झोपमोड होत नाही वाटतं त्यांची?"

"वागियेम, तुझी जीभ आवर."

"आवरते. पण वाट वाजती राहिली तर माणसं चालतील. मुकी राहिली तर पोरं एकदा जातील आणि विसरतील. फाटकापासून आत एकही नळी नको, चालेल? दारापर्यंत वाजत जाऊ, आत गप्प."

म्हातारबुवांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "फाटकाच्या अलीकडे. एक पाऊलही पुढे नाही." युने त्यांचा हात कपाळाला लावला.

साकव निम्म्याहून पुढे गेला आणि उधाण आलं. अशी भरती आम्ही फार दिवसांत पाहिली नव्हती. पाणी ओसरलं तेव्हा मधला सगळा भाग नाहीसा झाला होता. नळ्या तिवरांच्या मुळांत अडकून पडलेल्या. उद्घाटन रद्द झालं. रेंगानिसची मुदत संपली होती, पुढच्या गावी तिची वाट पाहत होते. ती रडत गेली.

"कलावंत गेली, कला गेली," शेजारची सुपार्ती म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी भट्टीचा धूर दिसला नाही. मी बाहेर पाहिलं तर यु कमरेएवढ्या चिखलात, पाठीला टोपली बांधून नळ्या गोळा करत होती.

"अगं यु, वर ये! पाय रुतेल!"

"रुतलाय आधीच. तू तोंड चालवण्यापेक्षा खाली ये."

मी सारोंग वर खोचून उतरले. जरा वेळाने सुपार्ती उतरली, कुरकुरत, पण उतरली. आम्ही तिघी चिखलात दिसल्यावर पुरुषांना काठावर बसून सिगारेट ओढणं जमेना. रेंगानिसने शिकवलेली गाठ आमच्या हातांना ठाऊक होती. मेढी यावेळी आणखी खोल घातल्या, मधे मधे तिरपे टेकू दिले. हात सोलवटले. कोणी कंटाळून घरी निघालं की यु विचारायची, "तुझा बाप पोहत येईल का भेटायला?" माणूस मागे फिरायचा.

कबरी झाडायचा दिवस आला तेव्हा साकव फाटकाला लागला होता. शहरातलं कोणी नव्हतं. पुढे पाक मुदोफार, मागे आम्ही फुलांच्या टोपल्या घेऊन. पावलागणिक खालून खळखळ उठत होती, कुठे जाड, कुठे बारीक, आणि लोक थबकून म्हणत होते, "ही माझी आजी." "हा आमचा दादा." मोदिन आपल्या बायकोच्या फळीवर आले तेव्हा त्यांनी पाऊल जरा दाबूनच टाकलं.

कस्दीची फळी आली. यु तिच्यावर उभी राहिली आणि चक्क उड्या मारू लागली. तो भयंकर बेसूर आवाज खाजणभर घुमला. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि या वेळी तो धूर नव्हता.

फाटकातून आत सगळे गप्प झाले. युने कस्दीच्या कबरीवरचं शेवाळ नखांनी खरवडलं आणि फुलं वाहिली. पुटपुटली, "उशीर झाला. वाट नव्हती."

पाणी दरवर्षी चढतं. आम्हीही दरवर्षी मेढींवर नवे बांबू बांधून साकव उंच करतो. रेंगानिस मधे येऊन गेली, सबंध साकव चालली, युच्या गळ्यात पडली. गेल्या महिन्यात पूर्वेकडच्या वस्तीतल्या बायका आल्या होत्या, त्यांचंही कबरस्तान पाण्यात चाललंय. त्यांनी विचारलं, "तुमच्या कलावंतबाईंना आमच्याकडे पाठवाल का?"

"ती कामात आहे," यु म्हणाली. "मी येते. आधी सांगा, तुमच्याकडे बांबू कोणता मिळतो?"