चौथी स्कूटर

"वैशू, गॅरेज तारन ठेवतो. पतपेढीवाला तयार हाय. तू फकस्त शिडी खाली वाढव."

बाळाराममामा माझ्या टेबलासमोर उभे होते, हाताला ग्रीस तसंच. चौक गावात जुन्या हायवेवर त्यांचं गॅरेज, आणि वरच्या मजल्यावर माझं शेअर ब्रोकिंगचं छोटं ऑफिस. मामा माझे घरमालक, क्लायंट, आणि मी जेवले का हे रोज विचारणारा एकमेव माणूस.

शिडी म्हणजे ग्रिड. नाव मामांचंच. शेअर शंभरला असला तर अठ्ठ्याण्णवला खरेदीची एक ऑर्डर लावायची, शहाण्णवला आणखी एक, चौऱ्याण्णवला आणखी. ज्या पायरीवर घेतलं, तिच्या एक पायरी वर विकायचं. भाव वरखाली डुलत राहिला तर दर फेरीला थोडे पैसे सुटतात. भाव कुठे जाणार हे ओळखावं लागत नाही, म्हणून लोकांना हा प्रकार फार आवडतो. मामांनाही आवडला. पैसे सुटले की ढाब्यावरची गरम कांदाभजी घेऊन जिना चढायचे. माझं वजन वाढलं ते या ग्रिडपायी.

मग मामांचा शेअर ज्या कंपनीचा, तिचं मोठं कंत्राट हातचं गेल्याची बातमी आली. भाव डुलायचा थांबला आणि सरळ खाली चालू लागला. ग्रिडला बातम्या कळत नाहीत. ती प्रत्येक पायरीवर इमानेइतबारे घेत गेली. शेवटच्या पायरीखाली भाव गेला तेव्हा मामांचे सगळे पैसे त्या एका शेअरमध्ये अडकले होते.

"स्क्रीनवर घेनारे रोज रांगेत असायचे गं. आता कुटं गेले?"

त्यातले बरेच मार्केट मेकर असतात. मुंबईत मी तेच काम करायचे. एकाच वेळी दोन भाव लावायचे, घ्यायचा थोडा कमी, विकायचा थोडा जास्त. मधला फरक ही कमाई. पण समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल, तर तो वाईट माल आपल्या गळ्यात मारतो. म्हणून माल साचायला लागला की आम्ही भाव खाली ओढायचो, आणि काही कळेनासं झालं की बाजूला व्हायचो.

मामा ऐकत होते, पण डोळे स्क्रीनवर. तेवढ्यात खालून हाक आली. कोणीतरी जुनी स्कूटर विकायला आणली होती. मामा अशा गाड्या घेतात, दुरुस्त करतात, विकतात. मीही मागोमाग उतरले.

"गाडी झकास हाय मामा, बघा तरी."

मामांनी बघितलंही नाही. "या मॉडेलच्या तीन उभ्या हायत. अर्ध्या भावात द्यायची तर ठेव, नायतर ने."

माणूस गाडी घेऊन गेला.

"चांगली होती की," मी म्हटलं.

"असंल. पन तीन खपल्या नाय, चौथी कुनासाठी घिऊ? आन् एवडी घाई करतो म्हंजे त्याला कायतरी म्हाईत असनार."

घरमालकाला बोलू नये. मी बोललेच. "मामा, वरच्या स्क्रीनवर तुमच्या किती स्कूटर उभ्या आहेत?"

"ते येगळं. तो शेअर हाय."

"हो. स्कूटरला निदान किक मारून बघता येते."

मामा टायरवर बसले. मला भीती वाटत होती. गॅरेज गेलं तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे?

"इकलं तर किती जाईल?"

"आजवर सुटलेलं सगळं. वर थोडी मुद्दल."

"आन् गॅरेज?"

"राहील."

बराच वेळ ते हात पुसत राहिले. "मंग इक."

घेणारे कमी होते, तुकड्यातुकड्याने विकावं लागलं. पुढे तो शेअर थोडा वर आला. आणखी पडला असता तर मी शहाणी ठरले असते, पण बाजार एवढी मेहेरबानी करत नाही. आता माझ्या प्रत्येक क्लायंटच्या ग्रिडला तळाशी एक पायरी असते. तिच्याखाली घेणं बंद, आणि आहे तो मालही विकायचा. ऑफिसात आम्ही तिला चौथी स्कूटर म्हणतो.

विकलं त्या संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. मामा, हातात तेलकट पुडा.

"मामा, आज कसली भजी? आज तर तोटा झालाय."

"मंग? तोटा माजा झाला," पुडा माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "तू का उपाशी ऱ्हायाचं?"