दादाच्या मनगटावरच्या राख्या

मुक्ता घोरपडे वाळव्याकडची. हात रांगडा, जीभ त्याहून रांगडी. डब्लिनला आली, ॲडम्सटाउनात खोली घेतली आन् क्लोनडॉकिनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. मॅनेजर पद्माकर आपल्याच मुलखातला, म्हणून मराठी पोरी त्याला दादा म्हणायच्या. तो नव्या पोरींना विमानतळावरनं आणायचा, घर बघून द्यायचा, आन् मग हक्काचा माल असल्यागत अंगाला हात लावायचा.

मुक्ताला त्यानं ऑफिसच्या किचनात फ्रीजला दाबून धरलं. दंडावर पाची बोटं काळीनिळी उमटली. तिनं ती टीममधल्या थोरल्या वृंदाताईला दाखवली.

"गप्प बस गं," वृंदा म्हणाली. "इथं कामाचं परमिट कंपनीचं, आणि कंपनीत तो म्हणेल ते. राखी बांध त्याला. लाजेल."

"तुमी बांधलीया?"

"दर वर्षी बांधते."

मुक्तानंही बांधली. त्या दिवशी दादाचं मनगट राख्यांनी गच्च भरलं होतं. संध्याकाळी जिन्यात त्याच हातानं त्यानं तिची वेणी पिळली आन् डोकं भिंतीवर आपटलं. ओठ फुटला.

"भावाला नाही म्हणतेस?"

मुक्तानं त्याच्या मनगटात दात रोवले, राख्यांसकट. रगत आल्याबिगर सोडलं न्हाई. मग असा गुडघा घातला, की गडी पायऱ्यांवरनं गडगडत खाली गेला.

सकाळी एचआरच्या बाईनं तिलाच बोलावलं. चावल्याची तक्रार दादानं आधीच ठोकली होती. "हे आपल्यातच ठेवू," बाई गोड हसली. "तू राजीनामा दे. नाहीतर काढावं लागेल."

म्हंजे कसंबी नोकरी जाणार, तोंडबी शिवलं जाणार. मुक्ता उठली ती थेट टीमच्या रोजच्या बैठकीत शिरली. तिथं प्रत्येकानं उभ्यानं सांगायचं असतं: काल काय केलं, अडचण काय. पद्माकर मनगटाला पट्टी बांधून पुढं उभा होता. तिचा नंबर आला.

"काल मी ह्याला चावले," ती इंग्रजीत म्हणाली. "अडचण हाच आहे." मग बायांकडं वळून मराठीत, "भाऊ कमी पडले म्हणून बांधल्या व्हय गं राख्या? सांगा की!"

पद्माकर खुर्ची लाथाडून आला. सगळ्यांदेखत त्यानं तिचा गळा आवळला. डोळे पांढरे व्हायला लागले. शेन नावाच्या आयरिश पोरानं त्याला मागनं कवळा घालून खाली पाडलं, आणखी दोघं त्याच्या छातीवर बसले. खालनंबी तो आईबहिणीवरनं शिव्या देत होता.

वृंदा पुढं झाली. सगळ्यांना कळेल असं इंग्रजीत बोलली, "माझी बरगडी यानंच मोडली. सायकलवरून पडले म्हणून सांगितलं होतं मी."

तिच्यामागनं टीममधली दुसरी मराठी पोरगी, निहारिका, बोलायला लागली. रडत, अडखळत, पण बोलत होती.

एचआरची बाई धावत आली. "दार लावा! दार लावा आधी!"

बाहेर दुसऱ्या टीमांची माणसं उठून बघत होती. मुक्तानं चौकटीत पाय घातला. बाईनं दार ओढलं. पाऊल चिमटलं, नख उलटलं. तिनं पाय काढला न्हाई.

"तू बोल गं," ती मागं न बघता निहारिकाला म्हणाली. "मोठ्यानं बोल."